ब्लॉक नाही

माझी भाची मुलुंडच्या आपल्या घरातून लग्नपत्रिका तयार करून देण्याचा व्यवसाय करते. तिच्या पत्रिकांना कागद नसतो. मोबाइलवर उघडल्या की सनई वाजते, तोरण हलते, नावे एकेक करून उमटतात आणि शेवटी सभागृहाचा नकाशा येतो. दिवाळीनंतर एका रात्री तिचा फोन आला. दोन तरुणांनी आपल्या लग्नसमारंभाची पत्रिका तिच्याकडे मागितली होती. आपल्या लग्नाला कायदा लग्न म्हणत नाही हे त्या दोघांना ठाऊक होते. तरीही घरच्या माणसांसमोर त्यांना एकमेकांना हार घालायचे होते आणि पत्रिकेवर गणपती हवा होता. भाची संकष्टी न चुकवणारी मुलगी आहे. हे काम करावे असे तिला वाटत नव्हते आणि करायचे नाही असे सांगण्याचेही तिच्या जिवावर आले होते. "मामा, या महिन्याचे स्लॉट भरलेत असं कळवून टाकते," ती म्हणाली. "उगाच कुणाचं मन दुखवायला नको."

स्लॉट भरलेले नव्हते. मी तिला विचारलेही नाही, कारण ते वाक्य मी ओळखत होतो. आमच्या घराण्यात ते एकदा वेगळ्या शब्दांत बोलले गेले आहे.

बाबांचा छापखाना गिरगावात मुगभाटाजवळच्या एका चाळीच्या तळमजल्यावर होता. छपाईचे एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या केसेस, ती अक्षरे जुळवणारा एक जुळारी, एक मशीनमन आणि शाळेला सुटी असली की मी, एवढाच त्याचा संसार होता. तुळशीचे लग्न लागले की पत्रिकांचा हंगाम सुरू होई आणि मग रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत मशीन चाले. १९८६ च्या हंगामात, मी नववीत असताना, चर्चगेटला रेल्वेच्या कचेरीत नोकरी करणारे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाचा मजकूर घेऊन आले. ते वरळीच्या बीडीडी चाळीत राहत होते. मजकूर वळणदार अक्षरात लिहिलेला होता: वर बुद्धाचे चित्र छापावे अशी सूचना, त्याखाली 'नमो बुद्धाय', मग 'मंगल परिणय' आणि वधूवरांची नावे. बाबांनी तो कागद नेहमीपेक्षा जास्त वेळ वाचला आणि सांगितले, "बुद्धाचा ब्लॉक नाही आमच्याकडे." ब्लॉक म्हणजे चित्र छापायचा ठसा.

"ब्लॉक मी करून आणतो ना," ते गृहस्थ म्हणाले. "उद्या संध्याकाळपर्यंत आणतो."

या उत्तराची बाबांनी तयारी केलेली नव्हती. ते म्हणाले, "मशीनही बिघडलंय. आठवडाभर काही खरं नाही."

त्यांच्या पाठीमागे मशीन चालू होते. ट्रेडलचा आवाज काही लपून राहण्यासारखा नसतो. चाळीच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत तो जात असे. आमचे मशीनमन चाचा, जे नागपाड्याहून रोज चालत येत, त्यांनी हे संभाषण ऐकले असावे, कारण त्यांनी मशीन थांबवले. बाबांचे वाक्य खरे करण्यासाठी थांबवले की त्या माणसासमोर ते चालू ठेवण्याची लाज वाटली म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही. त्या शांततेत गृहस्थांनी कागदाची होती तीच घडी पुन्हा घातली, तो सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि "बरं, येतो," असे म्हणून ते पायरी उतरले.

ब्लॉक खालून दुसऱ्या खणात होता. लाकडावर ठोकलेला, हाताच्या पंजाएवढा, ध्यानस्थ बुद्धाचा ब्लॉक. आदल्या वैशाखात आमच्या आळीतल्या वाचनालयाने बुद्धपौर्णिमेला व्याख्यान ठेवले होते आणि त्याच्या हस्तपत्रकासाठी बाबांनीच तो करून घेतला होता. वाचनालयाचे चिटणीस आमच्या जातीचे होते. तो ब्लॉक पुसून खणात मी ठेवला होता, आणि त्या दिवशी मी चार हातांवर केसमध्ये खिळे सोडत उभा होतो. मी काही बोललो नाही.

रात्री जेवताना आईने विचारले तेव्हा बाबांनी आपल्या परीने खरे कारण सांगितले. आपल्याकडे प्रत्येक पत्रिकेची पहिली प्रत देव्हाऱ्यापुढे ठेवली जाते. गणपतीला मानणार नाही अशी शपथ घेतलेल्यांची पत्रिका त्या देवापुढे कशी ठेवायची, असे त्यांचे म्हणणे होते. धर्मश्रद्धेचे कारण म्हणून ते ऐकायला सरळ आहे. अडचण अशी होती की चाचांच्या मुलीच्या निकाहाची, माथ्यावर ७८६ असलेली पत्रिका याच मशीनवर छापली गेली होती, आणि चर्चच्या नाताळच्या कार्यक्रमपत्रिकाही दरवर्षी इथेच छापल्या जात. त्यांच्या पहिल्या प्रतीने देव्हारा कधी विटाळला नव्हता. आईने ताटातली भाकरी मोडत "हं" एवढेच म्हटले.

पुढे मी कायदा शिकलो. वकिली फार केली नाही, पण त्या खणातला ब्लॉक हा पुरावा आहे हे कळण्यापुरता कायदा मला आला.

ग्राहकाला नकार देण्याविषयी आपल्या संविधानातील तरतूद अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात आहे. केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत जाण्यापासून अडवता येत नाही. मूलभूत हक्क बहुतेक करून सरकारला आवरण्यासाठी असतात. हा खंड मात्र गल्ल्यावर बसलेल्या खासगी माणसाशी बोलतो. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली तेव्हा 'दुकान' या शब्दात काय काय येते असा प्रश्न निघाला. डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा, की मागेल त्याला आपली सेवा देण्याच्या तयारीने मालक जिथे बसतो ती जागा म्हणजे दुकान. आणि डॉक्टर-वकील त्यात येतात का या पृच्छेवर त्यांनी सांगितले की जो कोणी आपली सेवा देऊ करतो तो प्रत्येक जण येतो. नुसते दारातून आत घेणे पुरेसे नाही, अटी जुळल्या तर सेवा मिळाली पाहिजे, हेही त्यांनी स्पष्ट केले. हे उत्तर देणारा माणूस साताऱ्याला लहान असताना पैसे देऊनही न्हावी त्याचे केस कापत नसे, म्हणून मोठी बहीण ते काम करी. आणि छपाईच्याच धंद्यातले उदाहरण हवे असेल तर १९२० च्या जानेवारीत त्याच माणसाचे 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू झाले तेव्हा त्याची जाहिरात, पैसे देऊ केले असतानाही, 'केसरी'ने छापली नव्हती. 'दुकान' या साध्या शब्दाची एवढी रुंद व्याख्या सुचायला अशी अनेक बंद दारे पाहिलेली असावी लागतात. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच व्याख्या हाताशी धरून खासगी शिक्षणसंस्थाही या खंडाखाली आणल्या.

पण अनुच्छेद १५ च्या त्या वाक्यात 'केवळ' हा एक शब्द आहे, आणि मुंबईत नकार देणाऱ्या प्रत्येकाला तो न वाचताच पाठ असतो. जागा कालच गेली. टेबल रिझर्व्ह आहे. सोसायटीचे नियम आहेत हो, माझे काही नाही. भाड्याने खोली शोधणाऱ्या माझ्या मुसलमान मित्राला आडनाव सांगितल्यानंतर किती मालकांची भाची अमेरिकेहून अचानक परत आली, याची त्याने एकदा यादी केली होती. धर्म किंवा जात हे कारण इथे तोंडाने कुणी उच्चारत नाही, आणि कारण उच्चारलेच नाही तर 'केवळ त्या कारणावरून' हे सिद्ध कुठून करायचे? आपण याला सभ्यता समजतो. माझी भाचीही तेच समजत होती.

परदेशातील गाजलेले खटले वाचताना मला सर्वांत आधी जाणवले ते हे, की तिथल्या दुकानदारांनी कारण सांगितले होते. कोलोरॅडोतील एका केकवाल्याने २०१२ मध्ये दोन पुरुषांच्या लग्नाचा केक आपल्या ख्रिस्ती श्रद्धेमुळे करणार नाही असे त्यांना समोरासमोर सांगितले. तो खटला २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ७ विरुद्ध २ मतांनी केकवाल्याच्या बाजूने सुटला, मात्र निकालाचा आधार अरुंद होता: राज्याच्या आयोगाने त्याच्या श्रद्धेबद्दल तुच्छता दाखवली, एवढेच न्यायालयाने धरले. बेलफास्टमध्ये २०१४ साली एका बेकरीने समलिंगी विवाहाला पाठिंबा देणाऱ्या घोषणेच्या केकची ऑर्डर आधी घेतली, साडेछत्तीस पौंड घेतले, आणि नंतर फोन करून आपल्या श्रद्धेत बसत नाही असे सांगून पैसे परत केले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एकमताने बेकरीला निर्दोष ठरवले. बेकरीची हरकत ग्राहकाला नव्हती, घोषणेला होती. तीच घोषणा दुसऱ्या कुणीही मागितली असती तरी बेकरीने ती लिहिली नसती, हा त्या निकालाचा कणा आहे.

याच न्यायालयाने २०१३ मध्ये मात्र एका ख्रिस्ती दांपत्याच्या विरोधात निकाल दिला होता. कॉर्नवॉलमधील आपल्या छोट्या हॉटेलात ते फक्त विवाहित जोडप्यांना दुहेरी पलंगाची खोली देत आणि म्हणून त्यांनी दोन पुरुषांना ती नाकारली होती. आम्ही अविवाहित स्त्री-पुरुषांनाही नाकारतो, सर्वांना नियम सारखाच आहे, हा त्यांचा बचाव टिकला नाही. पलंग काही बोलत नाही. तो कुणाच्या मताचा प्रचार करत नाही. तिथे नाकारला गेला तो माणूस.

आमच्या छापखान्याला ही कसोटी लावली की खालून दुसरा खण आपोआप उघडतो. 'हाच मजकूर दुसऱ्याने मागितला असता तर?' या प्रश्नाचे उत्तर बाबांनी सात-आठ महिन्यांपूर्वीच छापून दिले होते. बुद्धाच्या चित्राला त्यांची हरकत नव्हती. बुद्ध आमच्या आळीतून आला की व्याख्यान होत होते आणि वरळीहून आला की विटाळ होत होता.

श्रद्धेचे नाव पुढे करणारे कारण न्यायालयाने कधीच तपासू नये असे मला वाटत नाही. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातील एका उपाहारगृहांच्या मालकाने काळ्या ग्राहकांना स्वयंपाकघराच्या खिडकीतून पदार्थ विकले, पण तिथे बसून खाऊ दिले नाही, आणि वंशांची सरमिसळ ईश्वराच्या इच्छेविरुद्ध आहे असा आपला विश्वास असल्याचे न्यायालयाला सांगितले. १९६८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव उघडउघड फोल ठरवला. खिडकीतून विकलेल्या मांसाने ईश्वर कसा रागावत नव्हता हे त्या मालकाला सांगता आले नसते, जसे ७८६ चे बाबांना आईपुढे सांगता आले नाही. आपल्याकडच्या चहाच्या टपरीवरच्या वेगळ्या कपाची हीच जात.

आपल्या संसदेला सबबींची ओळख मात्र अमेरिकेपेक्षा जुनी आणि घरची आहे. १९५५ चा अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा, ज्याला १९७६ च्या दुरुस्तीने नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले, त्याच्या कलम ६ प्रमाणे अस्पृश्यतेच्या कारणावरून माल विकण्यास किंवा सेवा देण्यास नकार देणे हा गुन्हा आहे. त्याहून मला कलम १२ महत्त्वाचे वाटते. असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत घडले असेल तर ते अस्पृश्यतेच्याच कारणावरून घडले असे न्यायालयाने गृहीत धरायचे, आणि तसे नव्हते हे समोरच्याने सिद्ध करायचे. ज्याने कुणी ते कलम लिहिले त्याला 'ब्लॉक नाही' हे वाक्य चांगले माहीत होते. तरीही बाबांपर्यंत ते पोहोचले असते की नाही, याची मला शंका आहे. बौद्धांचा अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीत समावेश १९९० मध्ये झाला, आणि आमच्या पायरीवरून ते गृहस्थ उतरले ते १९८६ मध्ये. धर्म बदलल्यावर कायद्याच्या लेखी जात सुटली होती. आमच्या गल्ल्यावर ती सुटली नव्हती.

आता दुसरी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर बाबांवर अन्याय होईल. जानेवारी १९९३ मध्ये, दंगल विझत असताना, दोन तरुण एका पत्रकाचा मजकूर घेऊन आले. विशिष्ट धर्माच्या लोकांच्या दुकानांतून काही विकत घेऊ नका, त्यांना कामावर ठेवू नका, असा तो मजकूर होता. पाच हजार प्रती हव्या होत्या आणि ते दुप्पट पैसे द्यायला तयार होते. बाबांनी कागद वाचला आणि म्हणाले, "मशीन बंद आहे." या वेळी ते खरोखर बंद होते, कारण चाचा आठ दिवसांपासून आले नव्हते, मुलाबाळांना घेऊन ते गावी निघून गेले होते. पण जॉबिंगचे, म्हणजे किरकोळ छपाईचे, काम बाबा स्वतःही काढत असत, हे त्या पोरांना ठाऊक नसले तरी मला होते.

तोच माणूस, तोच गल्ला, जवळजवळ तेच वाक्य. एकदा त्यांनी माणूस नाकारला आणि एकदा मजकूर, आणि दोन्ही वेळा मशीनवर ढकलले. पहिला नकार कायद्याने मोडून काढावा आणि दुसरा कायद्याने राखावा असे मला मनापासून वाटते. छापखानेवाल्याला कुणाचाही द्वेष छापायला भाग पाडता येऊ नये. पण बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींतला फरक कसा दिसावा? बाबांनी जर १९९३ मध्ये "हे मी छापणार नाही" असे म्हटले असते, तर कदाचित काचा फुटल्या असत्या, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. १९८६ मध्ये कोणत्या काचा फुटणार होत्या?

भाचीला हे सगळे सांगायला दोन रात्री लागल्या. तिने मध्येच एक वकिली मुद्दा काढला, जो अमेरिकेतल्या वेबसाइटवालीच्या खटल्यासारखाच होता. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवले की लग्नाच्या वेबसाइट बनवू पाहणाऱ्या स्त्रीवर समलिंगी लग्नांच्या वेबसाइट बनवण्याची सक्ती करता येणार नाही, कारण वेबसाइट हे तिचे अभिव्यक्तीचे काम आहे. "माझं कामही तसंच आहे ना, मामा? डिझाइन माझं असतं." डिझाइन तिचे असते हे खरे आहे. तरीही तो निकाल मला पटलेला नाही, आणि त्याचे कारण माझ्या कायद्याच्या शिक्षणापेक्षा छापखान्यात जास्त सापडते. लग्नपत्रिकेची सुरुवात 'आमचे येथे श्रीकृपेकरून' अशी होते. त्यातले 'आमचे' निमंत्रण देणाऱ्या घराचे. बाबांनी हजारो लग्नांच्या पत्रिका छापल्या. त्यांत हुंड्याची लग्ने होती, पोरवयातल्या मुलींची होती, दुसरी बायको आणणाऱ्यांची होती, आणि त्यांतल्या एकाही लग्नाला त्यांनी संमती दिली असे कुणी कधी मानले नाही. पत्रिकेवर त्यांचे स्वतःचे म्हणून जे काही असे ते तळाशी, सर्वांत बारीक खिळ्यात: प्रेसचे नाव आणि 'मुंबई ४'.

कायदा तिला अडवेल का, असेही तिने विचारले. तिला खरे उत्तर देणे भाग होते. २०१८ मध्ये समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसणाऱ्या निकालात 'लिंग' या शब्दात लैंगिक कलही येतो असे न्यायमूर्तींनी म्हटले आहे; २०१९ च्या कायद्याने पारलिंगी व्यक्तींना जनतेसाठी खुल्या असलेल्या वस्तू आणि सेवा नाकारण्यास मनाई केली आहे; पण समलिंगी ग्राहकाला नकार देणाऱ्या खासगी व्यावसायिकाला जाब विचारणारा असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विवाहाला मान्यता देण्याचे काम संसदेवर सोडून दिले. म्हणजे मुलुंडच्या त्या खोलीत तिला अडवणारे कुणी नव्हते. मी तिला एवढेच विचारले, की त्यांनी मागितलेले डिझाइन तिने आधी कुणाला दिले आहे का.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "गेल्याच महिन्यात दिलंय. मोदकाचं तोरण, तेच. फक्त नावं बदलायची आहेत."

पुढे तिने काय कळवले हे मी विचारले नाही, आणि तिनेही अजून सांगितलेले नाही.

आमचा छापखाना १९९८ मध्ये बंद झाला. ऑफसेटपुढे ट्रेडलचा निभाव लागणे शक्यच नव्हते. खिळे वजनावर घ्यायला भंगारवाला आला त्या दिवशी बाबा स्टुलावर बसून एकेक खण रिकामा करत होते: शिसे एका पोत्यात, जस्ताचे ब्लॉक दुसऱ्या. गणपती गेले, अंबाबाई गेली, कलश, केळीचे खांब, सनईवाले गेले. खालून दुसरा खण त्यांनी सर्वांत शेवटी ओढला. बुद्धाच्या ब्लॉकवर वाळलेली शाई होती, ती त्यांनी रॉकेलच्या चिंधीने पुसली, ब्लॉक चश्म्याजवळ धरून पाहिला आणि पुन्हा पुसला. त्या दिवसाचा उल्लेख आमच्यात बारा वर्षांत एकदाही झाला नव्हता.

"त्यांनी पत्रिका मग कुठं छापली असेल रे?" बाबांनी विचारले.

भंगारवाल्याने ब्लॉकसाठी हात पुढे केला होता. "हा वजनात धरू नका," असे त्याला सांगून बाबांनी तो आपल्या कापडी पिशवीत टाकला.